प्रसंगाधारित मुलाखत : वैद्यांची पूर्वतयारी व औषधनिर्मात्यांचे कर्तव्य

प्रास्ताविक

आयुर्वेदाच्या पदवीधरास पूर्वी दोनच मार्ग ठाऊक होते. एक, स्वतःचा दवाखाना. दुसरा, महाविद्यालयातील अध्यापन. आज ही स्थिती राहिलेली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांतून आयुष वैद्य २०१३ पासून शाळा व अंगणवाड्यांतील बालकांची तपासणी करीत आहेत. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेत आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने कार्यरत आहेत. २०१८ मध्ये आरंभ झालेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांवर (२०२३ पासून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’) समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आपल्यापैकी अनेक जण उपकेंद्रांचा भार वाहत आहेत. याखेरीज पंचकर्म केंद्रे, खाजगी रुग्णालये व औषधनिर्मिती शाळा यांना वैद्य हवे असतात. निवडीची रीत पदागणिक भिन्न असते. कोठे लेखी परीक्षा, कोठे गुणवत्ता यादी, तर कोठे थेट मुलाखत. जेथे मुलाखत असते तेथे प्रश्नांचे स्वरूप पालटलेले आढळते. “पांडुरोगाची संप्राप्ती सांगा” या प्रश्नासोबत आता “रुग्ण तुमच्यासमोर अत्यवस्थ झाला असा एखादा प्रसंग सांगा; तुम्ही काय केलेत?” असेही विचारले जाते.

या दुसऱ्या प्रकारच्या मुलाखतीस आम्ही येथे ‘प्रसंगाधारित मुलाखत’ असे म्हणू. तिवसा तालुक्यासारख्या ग्रामीण भागातील तरुण वैद्यांपाशी सांगण्याजोगे प्रसंग विपुल असतात. तथापि, ते सांगावे कसे हे त्यांस कोणी शिकविलेले नसते. परिणामी काम जाणणारा मागे राहतो व बोलण्यात चतुर असणारा पुढे जातो. यात उमेदवाराची हानी आहेच. त्याहून मोठी हानी त्या पदावर अवलंबून असणाऱ्या रुग्णांची आहे. म्हणून मुलाखत देणारे व घेणारे अशा दोहोंसाठी हा पाठ लिहिला आहे.

प्रसंगाधारित मुलाखत म्हणजे काय?

‘तुम्ही काय कराल?’ याऐवजी ‘तुम्ही काय केले?’ असे विचारणे, हे या पद्धतीचे सार होय. माणसाने पूर्वी एखाद्या अडचणीत कसे आचरण केले, त्यावरून तो पुढे तशाच अडचणीत कसा वागेल याचे अनुमान बांधता येते, ही यामागील धारणा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांच्या निवडीचे काम करताना प्रत्यक्ष घडलेल्या निर्णायक प्रसंगांचा अभ्यास केला व १९५४ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी टॉम जान्झ यांनी मुलाखतीतील प्रश्न पूर्वानुभवावर आधारण्याची रीत मांडली. फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. ठरावीक प्रश्न व ठरावीक गुणांकन असलेली मुलाखत ही मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते, असे त्यातून दिसले. पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्याच विषयाची फेरमांडणी केली. तीतही आखीव मुलाखतीचे स्थान अग्रभागीच राहिले.

आपल्या शास्त्रातील आधार

ही पद्धत पाश्चात्त्यांकडून आली म्हणून ती आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, अनेक वेळा कर्म पाहिलेले असणे, दक्षता आणि शुचिता. यांपैकी केवळ पहिला गुण पाठांतराच्या परीक्षेत कळतो. उरलेले तिन्ही आचरणातून प्रकट होतात. म्हणून आचरणाविषयीच विचारावे लागते. सुश्रुतसंहितेत वैद्यकव्यवसायात प्रवेश करण्याची पात्रता सांगताना शास्त्राध्ययन व अर्थबोध यांच्यासोबत कर्म पाहिलेले असणे व स्वहस्ते अभ्यास केलेला असणे या अटी घातल्या आहेत. केवळ शास्त्र जाणणारा व केवळ कर्म जाणणारा या दोघांनाही सुश्रुतांनी एका पंखाच्या पक्ष्याप्रमाणे असमर्थ मानले आहे.

मुलाखतीतील प्रश्नांची विभागणी या चार गुणांनुसार करावी, असे आम्ही सुचवितो. ‘वाचलेले ज्ञान रुग्णावर योजले असा प्रसंग सांगा’ हा प्रश्न श्रुताचा. ‘हे कर्म तुम्ही किती वेळा केले, त्यात वेगळे काय अनुभवले?’ हा दृष्टकर्माचा. ‘साधने अपुरी असताना कसे निभावले?’ हा दक्षतेचा. ‘आपले चुकते आहे असे ध्यानात आले तेव्हा काय केले?’ हा शुचितेचा.

तयारीचा आरंभ : नोंदवही

बहुतेक उमेदवार तयारीचा आरंभ उत्तरे पाठ करण्यापासून करतात. आमच्या मते आरंभ स्वतःच्या नोंदवहीपासून व्हावा. एक वर्षाच्या आंतरवासितेत महाविद्यालयीन रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र वा ग्रामीण रुग्णालय येथे काम करावे लागते. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातील श्री गुरुदेव आयुर्वेद महाविद्यालय असो, अमरावतीचे विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय असो अथवा अकोल्याचे राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालय असो, वऱ्हाडातील आंतरवासी वैद्यास शेतमजूर, गर्भिणी, वृद्ध, महामार्गावरील अपघातग्रस्त व उन्हाळ्यातील उष्माघाताचे रुग्ण पाहावयास मिळतात. ‘मला अनुभव नाही’ असे म्हणणारा नवपदवीधर बहुधा आपलीच वही उघडत नाही.

वही चाळून पुढील आठ प्रकारचे प्रसंग निवडावेत :

१. रुग्ण अकस्मात अत्यवस्थ झाला.
२. निदान प्रथम निराळे वाटले व नंतर बदलावे लागले.
३. रुग्ण अथवा नातेवाईक संतप्त झाले.
४. वरिष्ठांशी मतभेद झाला.
५. औषध, मनुष्यबळ वा साधने अपुरी पडली.
६. परिचारिका, औषधनिर्माता, आशाताई अशा सहकाऱ्यांसमवेत काम केले.
७. आपली चूक झाली व ती सुधारली.
८. आपल्या अधिकाराबाहेरचे काम ओळखून रुग्णास वेळेवर पुढे पाठविले.

आठ प्रसंग नीट तयार असले की वीस प्रश्नांना ते पुरतात, कारण एकच प्रसंग निरनिराळ्या प्रश्नांसाठी उपयोगी पडतो. प्रत्येक प्रसंग एका कागदावर, सुमारे दीडशे शब्दांत लिहून काढावा.

उत्तराची बांधणी

उत्तराचे चार भाग असावेत : प्रसंग, जबाबदारी, कृती व फलित. वैद्यास ही बांधणी नवी नाही. रुग्णपत्रिका लिहिताना आपण वर्तमान व्याधी, परीक्षण, चिकित्सा व उपशय याच क्रमाने जातो. प्रसंग व जबाबदारी थोडक्यात सांगावी. निम्म्याहून अधिक वेळ कृतीस द्यावा. फलित मोजक्या शब्दांत सांगून थांबावे. एकूण उत्तर दोन ते तीन मिनिटांचे असावे.

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रश्न घेऊ : “पंचकर्मात उपद्रव निर्माण झाल्याचा प्रसंग सांगा.”

पहिल्या उमेदवाराचे उत्तर असे : “विरेचनाचा अतियोग झाल्यास स्तंभन चिकित्सा करावी. रुग्णास धीर द्यावा. शीत उपचार करावेत. आम्ही महाविद्यालयात असे अनेक रुग्ण पाहिले आहेत.” यात असत्य काही नाही, परंतु ‘करावी’, ‘द्यावा’ या विधानांत उमेदवार स्वतः कोठेच दिसत नाही.

दुसऱ्या उमेदवाराचे उत्तर असे : “आंतरवासितेत पंचकर्म विभागात माझी नेमणूक असताना पन्नाशीच्या एका रुग्णास सकाळी विरेचन दिले होते. वेग मोजून लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. दुपारी वेग अपेक्षेहून अधिक झाले. ‘डोकं गरगर करून राह्यलं’ असे तो म्हणाला. पोटऱ्यांत गोळे येत होते, नाडी जलद होती, रक्तदाब सकाळच्या नोंदीपेक्षा बराच उतरला होता. मी त्यास आडवे निजवून पाय उंच केले, तो पूर्ण शुद्धीवर असल्याने जलसंजीवनी घोट-घोट सुरू केली आणि लगेच वरिष्ठ वैद्यांना दूरध्वनी केला. ते येईपर्यंत दर दहा मिनिटांनी नाडी व रक्तदाब लिहिला. सलाइन लावण्याचा निर्णय त्यांचा होता. सुई मी लावली. सायंकाळी रक्तदाब पूर्ववत झाला. आमच्या वेगतक्त्यात रक्तदाबाचा रकाना नव्हता. तो घालावा असे मी सुचविले व पुढील रुग्णापासून तो घालण्यात आला.”

या उत्तरातील विशेष ध्यानी घ्यावेत. उमेदवाराने आपले काम व वरिष्ठांचा निर्णय यांची सरमिसळ केलेली नाही. मोजलेल्या गोष्टी सांगितल्या. मदत कधी मागितली ते सांगितले. शेवटी प्रसंगातून व्यवस्थेत काय सुधारणा झाली तेही सांगितले. रुग्णाचे शब्द वऱ्हाडीत आले म्हणून उत्तराची प्रतिष्ठा घटली नाही, उलट तो प्रसंग खरोखर घडला याची खूण पटली. स्वतः बोलताना प्रमाण मराठी वापरावी; बोलीचा संकोच मात्र बाळगू नये.

‘आम्ही’ व ‘मी’ यांचाही विवेक हवा. आपल्याकडे विनयामुळे ‘आम्ही केले’ असे म्हणण्याची रीत आहे. मुलाखतीत त्यामुळे नेमके कोणी काय केले हे झाकले जाते. जे स्वतः केले तेथे ‘मी’ म्हणावे. जे इतरांनी केले तेथे त्यांचे श्रेय त्यांना द्यावे.

अवघड प्रश्न

*चुकीविषयीचा प्रश्न.* “माझी चूक कधी झालीच नाही” हे उत्तर परीक्षकास शंकित करते. “मी फार कष्ट करतो हाच माझा दोष” हेही उत्तर टिकत नाही. खरी, मध्यम स्वरूपाची चूक निवडावी; ती केव्हा ध्यानात आली, कोणाला कळविली, रुग्णाचे काय झाले व त्यानंतर आपली कोणती सवय बदलली, हे सांगावे. चूक लपविली नाही, हेच त्या उत्तराचे मर्म होय.

*अधिकारमर्यादेचा प्रश्न.* वऱ्हाडात कापूस व सोयाबीनवर फवारणीचे दिवस आले की विषबाधेचे रुग्ण येतात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, हे आपण विसरलेलो नाही. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या व श्वासाचा त्रास घेऊन मजूर दारी आला तर आपण काय केले, हा प्रश्न येथील उमेदवारास विचारला जाणे स्वाभाविक आहे. औषधाने भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुणे, ते करताना स्वतः हातमोजे घालणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, कीटकनाशकाचा डबा वा त्यावरील नाव सोबत देणे, १०८ ला कळविणे आणि ग्रामीण रुग्णालयात वा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात विनाविलंब पाठविणे, या क्रमाने काम केले असेल तर ते तसेच सांगावे. ‘मी स्वतः बरे केले’ यापेक्षा ‘मी वेळेवर पाठविले’ हे उत्तर अशा ठिकाणी अधिक मोलाचे असते.

*मतभेदाचा प्रश्न.* येथे वरिष्ठांची निंदा करू नये. चरकांनी तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत; मैत्रीभावाने केलेली संधायसंभाषा व जिंकण्याच्या ईर्षेने केलेली विगृह्यसंभाषा. मतभेद पहिल्या प्रकाराने कसा हाताळला ते सांगावे.

*असा प्रसंग आलाच नसेल तर?* तसे सरळ सांगावे, आणि त्याच्या जवळचा जो प्रसंग अनुभवला असेल तो सांगण्याची अनुज्ञा मागावी. कल्पित प्रसंग रचू नये. जाणता परीक्षक “त्या वेळी नाडी किती होती? सोबत कोण होते? मग पुढे?” असे तीन प्रश्न विचारतो व रचलेली गोष्ट तेथेच ढासळते.

गोपनीयता

प्रसंग सांगताना रुग्णाचे नाव, गाव वा ओळख पटेल असा तपशील सांगू नये. तिवशासारख्या तालुक्यात गावाचे नाव व व्यवसाय एवढे जरी उच्चारले तरी रुग्ण कोण हे उमगते. परीक्षक मंडळात त्याचे आप्त असणेही असंभव नाही. ‘एक मध्यमवयीन स्त्री रुग्ण’ एवढी ओळख पुरते. जो उमेदवार मुलाखतीत रुग्णाचे गुपित राखतो, तो पदावर आल्यावरही राखील, असा विश्वास त्यातून उत्पन्न होतो.

पंधरा दिवसांचा क्रम

पहिले चार दिवस नोंदवह्या चाळून प्रसंग निवडावेत. पुढील चार दिवस ते लिहून काढावेत. त्यानंतरचे पाच दिवस एखाद्या सहाध्यायी वा ज्येष्ठ वैद्यासमोर मोठ्याने सांगावेत. त्यांनी मध्येच प्रतिप्रश्न करावेत व घड्याळ लावावे. उत्तर शब्दशः पाठ करू नये, केवळ घटनांचा क्रम ध्यानी ठेवावा. शेवटच्या दोन दिवसांत पदाची जाहिरात पुन्हा वाचून त्या पदाची कामे कोणती हे पाहावे, आणि पदवी प्रमाणपत्र, आंतरवासिता पूर्ण केल्याचा दाखला व महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेची नोंदणी ही कागदपत्रे क्रमाने लावून ठेवावीत.

औषधनिर्मात्यांसाठी

आता मेजाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. औषधी व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये आयुर्वेदीय औषधांची निर्मिती पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते. उत्तम निर्मिती पद्धतीचे नियम असलेली अनुसूची ‘टी’ २००० मध्ये अधिसूचित झाली. वत्सनाभ, कुचला, भल्लातक, धत्तूर यांसारखी विषारी द्रव्ये अनुसूची ‘ई-१’ मध्ये असून ती पोटात घ्यावयाच्या ज्या औषधांत आहेत त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सावधसूचना छापणे बंधनकारक आहे. असे असता या पदावर ओळखीने वा केवळ पदवी पाहून माणूस नेमणे घातक होय. शोधनात हयगय करणारा वैद्य नेमला तर त्याचे फळ आपला ग्राहक भोगतो.

आम्ही पुढील रीत सुचवितो.

एक, जाहिरात देण्यापूर्वीच पदास लागणारे चार-पाच गुण कागदावर लिहावेत. दोन, प्रत्येक गुणासाठी एक प्रश्न ठरवावा व तोच प्रश्न सर्व उमेदवारांना त्याच क्रमाने विचारावा. नमुन्यादाखल काही प्रश्न असे :

– “आलेला कच्चा माल तुम्ही नाकारला असा प्रसंग सांगा. संशय कशावरून आला?” (अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल येणे ही जुनी तक्रार आहे. ज्याने माल नमुना-बरणीशी ताडून पाहिला, वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याचा अभिप्राय घेतला, लॉट वेगळा ठेवून लेखी नोंद केली, त्याचे उत्तर आपोआप तपशीलवार येते.)

– “पावसाळ्यात एखादे चूर्ण ओलसर निघाले वा अवलेहास बुरशी आली तेव्हा तुम्ही काय केले?”

– “माल लवकर पाठविण्याची घाई असताना एखादी बॅच तुम्ही रोखून धरली का? मालकांना काय सांगितले?”

– “बॅच-नोंदीत विसंगती आढळली तेव्हा काय केले?”

तीन, उत्तर मोघम आल्यास “मग तुम्ही स्वतः काय केले?” असे शांतपणे विचारावे. चार, प्रत्येक परीक्षकाने १ ते ५ गुण स्वतंत्रपणे लिहावेत व त्यानंतरच आपसांत चर्चा करावी. अन्यथा ज्येष्ठाचे मत तेच सर्वांचे मत होते. पाच, मुलाखतीस प्रत्यक्ष कर्माची जोड द्यावी. पाच द्रव्ये समोर ठेवून ओळखावयास सांगणे वा लहान प्रमाणात एक कल्प करवून घेणे, यातून जे कळते ते शब्दांतून कळत नाही. सहा, जात, धर्म, विवाह, अपत्ये यांविषयी प्रश्न विचारू नयेत. स्त्री वैद्यास “लग्न झाल्यावर नोकरी सोडाल का?” असे विचारण्याची प्रथा सर्वथा त्याज्य आहे.

तिसऱ्या प्रश्नाकडे मालकांनी विशेष लक्ष द्यावे. तो प्रश्न विचारणे म्हणजे आपलीही परीक्षा घेणे होय. बॅच रोखणाऱ्यास आपण शाबासकी देऊ की रोष धरू, हे उमेदवार तेव्हा आपल्या चेहऱ्यावर वाचीत असतो.

मर्यादा

ही पद्धत निर्दोष नाही. बोलका उमेदवार तीतही थोडा लाभ मिळवितो व अबोल उमेदवारास अधिक वेळ लागतो. म्हणून परीक्षकाने उत्तर येईपर्यंत थांबण्याची सवय ठेवावी. अगदी नवख्या पदवीधरास सर्वच प्रश्न पूर्वानुभवावर विचारणे अन्यायाचे होईल. त्यास ‘असा प्रसंग आला तर काय कराल व का?’ असे एक-दोन प्रश्न विचारावेत.

समारोप

मुलाखतीची खरी तयारी पंधरा दिवसांची नसते. ती प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत रोज होत असते. जो वैद्य काय पाहिले, काय केले व काय झाले हे त्याच दिवशी लिहून ठेवतो, त्यास सांगण्यासाठी प्रसंग शोधावे लागत नाहीत. ज्येष्ठ वैद्यांनी आपल्याकडील आंतरवासी व साहाय्यक वैद्यांस ही वही ठेवावयास लावावी व आठवड्यातून एकदा ती डोळ्यांखालून घालावी. तालुका पातळीवरील सभांत वर्षातून एकदा सराव-मुलाखतींसाठी एक दुपार राखून ठेवता आल्यास, तिवसा, मोर्शी, चांदूर रेल्वे यांसारख्या तालुक्यांतील आपल्या तरुण सहकाऱ्यांचा मोठा लाभ होईल, असे आम्हांस वाटते.